घडी न मोडलेला हातमोजा

"मॅडम, लवकर या. इस्त्रीवाला कबूल झाला!"

बुधवारी सकाळी सव्वासातला फोन आला. पलीकडे जमादार होते, आणि महिनाभराची रजा मंजूर झाल्यासारखे खुशीत होते. दुपारी चारला आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं होतं. तिथे त्याने हेच पुन्हा सांगितलं, की लाँड्रीवाल्या मोठ्या बाईंच्या खुनाची फाइल बंद.

चौकीत सगळे इन्स्पेक्टर बाईंना मॅडम म्हणत. आपणही तेच म्हणू. मॅडमनी हातातला चहाचा कप तसाच ठेवला आणि निघाल्या. खरं तर त्यांनाही बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. असं का, हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं.

इस्त्रीवाला कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता. पंचेचाळिशीचा, हडकुळा माणूस. त्याने दोन रात्री डोळा मिटलेला नव्हता, आणि त्याआधीचे पंधरा दिवसही बायको इस्पितळात होती म्हणून जागूनच काढले होते.

"तुम्ही त्यांना ढकललंत?"

"हो."

"कसं?"

"उजव्या हातानं. हातात हातमोजा होता."

"त्या कुठल्या पायरीवर होत्या?"

"वरच्या. जमादारसाहेब म्हणाले ना, सगळ्यात वरच्या."

"ते काय म्हणाले ते सोडा. तुम्हाला काय आठवतं?"

त्याने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला.

"सोमवारी काहीच आठवत नव्हतं. मग हे विचारायला लागले, डाव्या हातानं ढकललंस की उजव्या, तोंड तुझ्याकडे होतं की पाठ. विचार करता करता दिसायला लागलं. आता तर त्यांचा खांदा हाताला लागलेलासुद्धा आठवतो. मऊ होता."

"अंगावर काय होतं त्यांच्या?"

"ते नाही दिसत." मग तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, मी शनिवारी रजा मागितली. बायकोला घरी आणायचं होतं. त्या नाही म्हणाल्या. तेव्हा मी मनात म्हटलं, ही बाई मरत का नाही एकदाची. आणि सोमवारी मेल्या. शिवाय तुमच्या कुत्र्यानं मलाच ओळखलं. माझं आणि त्या मुक्या जिवाचं काय वैर? ते कशाला खोटं बोलेल?"

मॅडम बाहेर आल्या. माणूस स्वतःपेक्षा कुत्र्यावर जास्त विश्वास ठेवतोय, हे त्यांनी आपल्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आता सोमवारी काय झालं होतं, ते सांगायला हवं.

लाँड्री तशी छोटीच. पुढे दुकान, मागे धुलाईची यंत्रं, बाजूला इस्त्रीची खोली. तिथूनच एक अरुंद लाकडी जिना वर जातो. वरच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी राहायच्या. थोरली मालकीण, त्या मोठ्या बाई. धाकटी सव्वीस वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आली ती इथलीच झाली. तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. हाताखाली सात माणसं. सोमवारी पावणेआठला धुलाईच्या मावशी जिन्याजवळ गेल्या, आणि खालच्या पायरीशी मोठ्या बाई डोक्याला मार लागून गेलेल्या दिसल्या.

मॅडम सव्वाआठला तिथे होत्या. चौथ्या पायरीवर एक पांढरा सुती हातमोजा पडला होता. गरम कपडे हाताळताना तिथली माणसं घालतात, तसला. त्यावर मधोमध इस्त्रीची सुरेख घडी होती आणि त्याला साबणाचा वास येत होता. मॅडमनी स्वतः चिमट्याने तो उचलला, पिशवीत घातला आणि पंचनाम्यात लिहवून घेतलं: 'मध्ये घडी असलेला.' वरच्या खोलीतलं कपाट कुलूपबंद होतं. त्याची किल्ली मोठ्या बाईंच्या खिशात सापडली. झटापटीची दुसरी कसलीही खूण नव्हती.

मग एकेकाला विचारणं झालं.

"मावशी, तुम्ही आलात तेव्हा आत कोण होतं?"

"इस्त्रीवाले दादा. ते सव्वासातलाच येतात, इस्त्र्या तापवायला. आम्ही बाकीचे साडेसातला."

"धाकट्या बाई, तुम्ही कुठे होता?"

"गच्चीवर. चादरी काढत होते. मागच्या गॅलरीतून शिडी आहे. खाली आरडाओरडा झाला तशी आले." त्यांचे डोळे कोरडे होते. धक्का बसला की असं होतं, असं मॅडमनी मनाशी ठरवून टाकलं.

"आणि तुम्ही? सव्वासात ते पावणेआठ काय करत होता?"

"इस्त्रीच्या खोलीत होतो," इस्त्रीवाला म्हणाला. "बहुतेक डुलकी लागली. आवाज ऐकला का? नाही. म्हणजे, ऐकलाही असेल. आठवत नाही."

घाबरलेल्या माणसाचं 'आठवत नाही' पोलिसांच्या कानाला फार वाईट लागतं. मॅडमच्याही लागलं.

दुपारी श्वानपथकाचे मास्तर आले, बरोबर त्यांची कुत्री. तिचं नाव शहाणी. नऊ वर्षांत तिने बेचाळीस गुन्हेगार दाखवले होते, आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो मंत्र्यांपेक्षा मोठा छापून आला होता. लाँड्रीच्या मागच्या अंगणात सात कामगार रांगेत उभे केले. इस्त्रीवाला पाचवा. धाकट्या बाई घरच्या, त्यांना रांगेत उभं करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मॅडम अंगणाच्या पलीकडच्या बाजूला, पाचव्या माणसाच्या बरोबर समोर उभ्या राहिल्या. तिथे जरा सावली आहे म्हणून, अशी त्यांची समजूत.

मास्तरांनी पिशवी उघडून शहाणीला हातमोजा हुंगवला. मॅडमकडे एकदा पाहिलं. मग पट्टा सैल धरून रांगेपुढून निघाले. एक, दोन, तीन, चार. पाचव्यापुढे शहाणी थांबली, मास्तरांकडे मान वर करून पाहिलं आणि बसली.

इस्त्रीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचे सहाजण, सतरा वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलेले, एक एक पाऊल मागे सरकले.

बुधवारच्या सकाळी मॅडमना यातलं काय खुपत होतं? त्यांनी टेबलावर पंचनामा उघडला आणि वाचला. पुन्हा वाचला. काही हाती लागेना. बाहेर बाकावर इस्त्रीवाल्याची बायको बसली होती. आजारातून नुकतीच उठलेली, त्यामुळे बसतानाही भिंतीचा आधार घेत होती. मॅडम तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं, मॅडम? सोमवारी रात्री भेटले तेव्हा म्हणाले, मी नाही केलं. मंगळवारी म्हणाले, मला नाही वाटत मी केलं असेल. आज म्हणतात, मीच केलं. दुखणं तीन दिवसांत इतकं वाढत नाही, तेवढं यांचं पाप वाढलं." ती जरा थांबली. "मला वाटतं, ते थकलेत. थकलेल्या माणसाला काहीही पटतं."

"त्यांचा राग कसा आहे?"

"राग? यांच्या हातावर एवढे चटके आहेत. इस्त्रीवरसुद्धा कधी आवाज चढवला नाही."

"हातमोजे असून चटके?"

"पहिल्या तासातले. सोमवारचे जास्त. सोमवारी हातमोजे उशिरा मिळतात ना."

मॅडम तिच्याकडे वळून बसल्या.

"उशिरा म्हणजे?"

"ते तिथल्या मावशींना विचारा. मला एवढंच माहीत, की सोमवारी मी मलम तयार ठेवते."

अर्ध्या तासात मॅडम लाँड्रीत होत्या. यंत्रं बंद होती. मावशी रिकाम्या टबाच्या कडेवर बसून होत्या.

"मावशी, हातमोज्यांचा नियम काय आहे इथे?"

"नियम कसला, रीत आहे आपली. शनिवारी संध्याकाळी सगळे हातमोजे काढून द्यायचे. सात जणांचे सात जोड. मी ते सोड्यात उकळते. मग वाळवायचे, त्यांना इस्त्रीही मीच करते, आणि वरच्या कपाटात. सोमवारी आठ वाजता वाटायचे. कुठला कुणाच्या वाटणीला येईल सांगता येत नाही, सगळे सारखेच."

"म्हणजे सोमवारी पावणेआठला कुणाकडेच हातमोजे नव्हते?"

"कसे असतील? आठला वाटतात म्हटलं ना."

"मग हे तुम्ही मला सोमवारी का नाही सांगितलं?"

मावशींनी बावरून पाहिलं. "तुम्ही विचारलंच नाही, बाई. आणि हे काय सांगायचं? हे तर सगळ्यांना माहीत आहे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सात माणसांना जे ठाऊक होतं ते इतकं रोजचं होतं, की एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कुत्री बसली, आणि मग तर रोजचं काही आठवायची गरजच संपली.

"मावशी, घातलेल्या हातमोज्यावर घडी राहते?"

"छे! हात घातला की घडी मोडली. बोटं वाकली, चुरगळली, मग कसली घडी?"

"कपाटातून काढून वाटायचं काम कुणाचं?"

"ते धाकट्या बाईंचं. पहिल्यापासून. किल्ल्या दोनच, एक मोठ्या बाईंकडे, एक त्यांच्याकडे."

मॅडम वर गेल्या. पुराव्यातल्या किल्लीने कपाट उघडलं. मधल्या फळीवर हातमोज्यांची चळत होती. ती एरवी फितीने बांधलेली असते, असं मावशी दारातून म्हणाल्या. आता फीत सुटून बाजूला पडली होती. मॅडमनी मोजलं. सहा जोड, आणि वर एक एकटाच हातमोजा. एकूण तेरा.

त्या तिथेच पलंगाच्या काठावर बसल्या. खुनाचा धागा हाती आला होता, पण त्यांचं मन अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. जो हातमोजा सोड्यात उकळला, इस्त्रीखाली भाजला आणि कुणीही घातला नाही, त्याच्यात इस्त्रीवाल्याचा वास कुठून येणार? आणि वास नव्हता, तर शहाणी त्याच्यापुढे बसली कशी?

बारा वाजता त्या श्वानपथकाच्या मैदानावर पोचल्या. वाटेत दुकानातून एक नवा हातमोजा घेतला होता, बंद पाकिटातला. चिमट्यानेच काढून पिशवीत टाकला.

"मास्तर, एक छोटी परीक्षा. सात शिपाई उभे करते. चालेल?"

"शहाणीची परीक्षा?" मास्तर हसले. पाच वर्षांत निवृत्त होणारा, बायको गेल्यापासून कुत्रीशीच बोलणारा माणूस. "हातच्या काकणाला आरसा कशाला, मॅडम? पण घ्या."

पहिल्या खेपेला मॅडम सहज म्हणाल्या, "हातमोजा दोन नंबरच्या शिपायाचा आहे, पण तिला कळतं का बघू." शहाणी दोन नंबरपुढे बसली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर थोपटलं.

दुसऱ्या खेपेला शिपायांच्या जागा बदलल्या, तीच पिशवी दिली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. फक्त सहाव्या शिपायासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांनी सवयीने त्यांच्याकडे एक नजर टाकली. शहाणी सहाव्यापुढे बसली.

"आता मी फाटकाबाहेर जाते. पाच मिनिटांनी येते."

त्या आल्या तेव्हा मास्तर मैदानाच्या मध्ये उभे होते. शहाणीने रांगेच्या तीन फेऱ्या केल्या होत्या. आता ती मास्तरांच्या पुढ्यात बसली होती आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"आज हिला काय झालंय कळत नाही," मास्तर ओशाळून म्हणाले. "हातमोजा कुणाचा होता, मॅडम?"

"कुणाचाच नाही. नवा आहे. त्याला माणसाचा हात लागलेला नाही."

मास्तरांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी पट्टा हातातून खाली सोडला.

"मी काही केलं नाही. देवाशपथ. मी तिला ओढलं नाही, खुणावलं नाही."

"मला माहीत आहे, मास्तर. तुम्हाला कळलंही नाही. मी सोमवारी कुणाकडे बघत होते, ते तुम्ही पाहिलंत. त्याच्याजवळ आल्यावर तुमचं पाऊल किंचित आखडलं असेल, मनगट थांबलं असेल, श्वास रोखला गेला असेल. तुम्हाला नाही कळलं, पण तिला कळलं. ती वास घेत नव्हती. तुम्हाला वाचत होती."

मास्तर खाली मातीत बसले. शहाणीने त्यांच्या मांडीवर पंजा ठेवला.

"तिचं काय चुकलं?" ते तिचे कान कुरवाळत म्हणाले. "मी खूश व्हावं एवढंच तिला हवं होतं." मग एकदम त्यांचा हात थांबला. "मॅडम, ते बेचाळीस. त्यातले तिनं किती ओळखले, आणि मी किती?"

मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

दुपारी दोनला मॅडमनी लाँड्रीत सगळ्यांना बोलावलं. इस्त्रीच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती कामगार उभे राहिले. धाकट्या बाई एकट्याच खुर्चीवर होत्या. जमादारांनी इस्त्रीवाल्याला आणलं, बायको त्याच्या मागे. मास्तरही आले होते, कुत्रीशिवाय.

मॅडमनी चौदाही हातमोजे टेबलावर मांडले.

"हा जिन्यावर सापडलेला. याच्या मधोमध घडी आहे. सोमवारी ती मी पाहिली, आणि माझ्या डोक्यात नकळत इस्त्री आली. इस्त्रीमागून इस्त्रीवाला. मी तसा विचार केला, हेही मला जाणवलं नाही. मला वाटलं, मी नुसती चौकशी करते आहे. खरं तर ही घडी उलटंच सांगत होती. हा हातमोजा कुणी घातलेलाच नाही."

कुणीतरी हुंकार दिला.

"सोमवारी आठच्या आधी हातमोजे फक्त कपाटात असतात. हा पावणेआठला जिन्यावर होता. म्हणजे त्याआधी कुणीतरी कपाट उघडलं. नंतर ते बंदही केलं, कारण मी आले तेव्हा कुलूप होतं. मोठ्या बाईंनी उघडलं असतं, तर खाली पडल्यावर त्या परत बंद करायला वर गेल्या नसत्या. किल्ल्या दोन आहेत."

सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या.

"धाकट्या बाई, तुम्ही नेहमीप्रमाणे हातमोजे वाटायला काढलेत. चळत हातात होती. जिन्याच्या तोंडाशी ताई होत्या. तिथे काहीतरी बोलणं झालं. एक हातमोजा निसटून खाली गेला. बाकीचे तेरा तुम्ही परत ठेवलेत, कुलूप लावलंत आणि गॅलरीतून शिडीने गच्चीवर गेलात. ताई काय म्हणाल्या?"

धाकट्या बाईंनी नाकारलं असतं तर कदाचित कोर्टात बराच वेळ गेला असता. पण त्यांनाच आता ते ओझं झेपत नव्हतं.

"लाँड्री बंद करतेय म्हणाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलाकडे राहायला जाणार, कायमची. महिनाअखेर. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणाली, तुझं तू बघ. सव्वीस वर्षांनी, मॅडम. पाठ फिरवून, जिना उतरता उतरता म्हणाली. जसं काही धोब्याकडे टाकायच्या कपड्यांचं सांगतेय."

"मग?"

"मी तिला धरलं. थांबवायला धरलं. की ढकललं? तीन दिवस झाले, मी हेच विचारतेय स्वतःला. हात पुढे गेला एवढं खरं. कशासाठी गेला, ते हातालाच माहीत."

"आणि या माणसाला पकडून नेलं, तेव्हा?"

धाकट्या बाईंनी पहिल्यांदाच इस्त्रीवाल्याकडे पाहिलं.

"दादा, कुत्री तुमच्यासमोर बसली ना, तेव्हा मला वाटलं, मी तिथे नव्हतेच. खरंच गच्चीवर होते. चादरी दिसायला लागल्या मला, चिमटे दिसायला लागले. मी इतकी सुटले, की रडूच आलं नाही. आता येतंय."

त्या रडल्या. मावशी उठून त्यांच्यापाशी गेल्या, दोन पावलांवर थांबल्या, आणि मग गेल्याच. पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चुकलेल्या माणसालाही कुणीतरी धरावं लागतं, आणि मावशींना बाकी काही सुचलं नसावं.

"गुन्हेगार एवढ्यावर संपत नाहीत," मॅडम म्हणाल्या. जमादारांनी दचकून पाहिलं. "मी संशय धरला, तो न बोलता मास्तरांना दिला. मास्तरांनी तो कुत्रीला दिला. कुत्रीनं तो भर अंगणात सगळ्यांना दिला. जमादार, तुम्ही डावा हात की उजवा हात विचारून विचारून तो यांच्या डोक्यात बसवलात. आमच्यापैकी कुणीही खोटं बोललं नाही. चौघांनाही पत्ता नव्हता. हे सगळं मी लिहून देणार आहे, माझ्या सहीनं. जुन्या बेचाळीस फायलीही उघडायला सांगणार आहे."

"मॅडम, नोकरी जाईल," जमादार कुजबुजले.

"जाईल कदाचित."

चार वाजता मॅजिस्ट्रेटसमोर वेगळाच कागद गेला. साडेपाचला इस्त्रीवाला सुटला. चौकीच्या व्हरांड्यात त्याला त्याचा पट्टा, चप्पल आणि डबा परत मिळाला. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्यांना सहसा न जमणारं काम त्यांनी केलं. त्यांनी हात जोडून माफी मागितली.

"असू द्या," तो म्हणाला. "धाकट्या बाईंनी कबूल केलं ना?"

"हो. तुमच्यासमोरच."

"ते ऐकलं मी. पटलंसुद्धा." तो डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. "मग मॅडम, मला जे आठवतंय, त्याचं काय? त्यांचा खांदा. मऊ होता. मी ते पाहतोय अजून. तुमच्या मागे, आत्ता सुद्धा."

"ते घडलेलं नाही. ते आम्ही तुमच्या डोक्यात घातलं."

"हो, तुम्ही घातलंत. पण काढायचं कुणी?"

मॅडमना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. जाईल हळूहळू, झोप झाली की बरं वाटेल, असं काहीतरी. पण या माणसाच्या डोक्यात आणखी एक खोटी गोष्ट घालायचं त्यांना धाडस होईना.

"ते काढता मला नाही येत," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली, जणू त्याला तेच अपेक्षित होतं. बायकोने त्याच्या हातातला डबा घेतला आणि दंडाला धरून त्याला पायऱ्यांपाशी नेलं. तिथे तो थांबला. खालच्या आवाजात, पण अगदी सरळ घरगुती सुरात तो तिला म्हणाला,

"आजपासून तू आतल्या खोलीत झोप. कडी लावून घेत जा. मी हाक मारली तरी उघडू नकोस."